काढलेला फेटिया पुन्हा दुकानात

मी धम्मरत्न खिल्लारे, गुप्तहेर. एवढं वाचून ज्यांच्या अंगावर काटा आला नसेल त्यांनी वाक्य पुन्हा वाचावं. मी थांबतो.

कामरगावच्या बसस्टँडसमोर, सलूनच्या वरच्या खोलीत माझं कार्यालय आहे. खाली आठ फुटांचा फ्लेक्स आहे. त्यात मी काळा चष्मा लावून, बोट रोखून उभा आहे आणि माझ्या पायाशी लिहिलंय, 'हरवलं, चोरलं, पळालं? भेटा!' आठ फुटांचा फ्लेक्स लावल्यावर गुप्तहेर गुप्त कसा राहतो, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं. बायकोचे प्रश्न हा माझ्या कारकिर्दीतला न उलगडलेला भाग आहे. बाकी माझी नजर विलक्षण आहे. चपलेवरून माणूस कुठून आला ते मी बघताक्षणी सांगतो. बहुतेक वेळा तो घरून आलेला असतो.

माझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण हरवलेल्या कोंबडीचं. मी संशयिताच्या घरी चौकशीला गेलो. त्याने मला जेवायला बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. मुख्य पुरावा आपण रस्स्यासकट संपवला आहे, हे मला घरी येऊन दुपारची झोप झाल्यावर कळलं. तेव्हापासून पंचक्रोशीत माझं नाव आहे. नाव कोंबडीवाला असं आहे, पण आहे.

माझे सहायक शफीकभाई. ते स्वतःला सहायक मानत नाहीत, जीपवाले मानतात, आणि त्यांची जीप भरल्याशिवाय माझा कुठलाही तपास सुरू होत नाही. त्या शुक्रवारी तांड्यावरून निरोप आला तेव्हाही मी पाऊण तास जीपमध्ये बसून होतो. शेवटी एक आजीबाई, त्यांचं गाठोडं आणि गाठोड्यातून डोकं काढून माझ्याकडे संशयाने बघणारं कोंबडीचं पिल्लू आल्यावर आम्ही गुन्ह्याच्या ठिकाणी निघालो.

तांड्यावर धुरपताबाई ओट्यावर सुई घेऊन भरतकाम करत बसल्या होत्या. तांड्यातल्या बाया काचा, कवड्या लावून जे बंजारा भरतकाम करतात, त्यांच्या बचत गटाच्या त्या प्रमुख. पिशव्या, उशांचे अभ्रे, जाकिटं असं सगळं त्या 'काचफूल' नावाच्या वेबसाइटवर विकत होत्या. वेबसाइट त्यांची सून अंजू सांभाळायची.

"तुमीच का ते कोंबडीवाले?" धुरपताबाईंनी विचारलं.

"गुप्तहेर," मी म्हणालो. तपासाच्या वेळी मी प्रमाण भाषेत बोलतो, त्याने गुन्हेगार दबकतात. "घटना सविस्तर सांगा."

त्यांनी आत जाऊन पेटीतून एक फेटिया आणला. फेटिया म्हणजे बंजारा बाईचा घेरदार घागरा. हा लाल होता, आणि त्यावर बोट ठेवायला जागा सापडणार नाही इतकं काम होतं. ओट्यावर उलगडला तर काचांचे कवडसे छपरापर्यंत गेले.

"माह्या मायनं माह्या लग्नासाठी केला होता," त्या म्हणाल्या. "तीन पावसायात झाला. माय गेली, पन तिचा हात अठी हाये. नात हाये माही, निता, करन-अंजूची पोरगी. तिच्या लग्नात तिले नेसवाचा हाये. हा कोनी विकून राह्यलं, बापा."

"कोण?"

"तेच तं तुमाले पाहाले बोलावलं!"

हकीगत अशी होती. वेबसाइटवर फोटो टाकायचे तेव्हा धुरपताबाईंनीच हौसेने सांगितलं की हा फेटिया सगळ्यात वर ठेव, लोकांना कळू दे खरं काम कसं असतं. भाव लिहिल्याशिवाय फोटो चढत नव्हता. तेव्हा त्या म्हणाल्या, असा भाव लाव की कोणी फिरकणार नाही. अंजूने लावला. आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला की भाव मंजूर आहे, फेटिया दुसऱ्या कोणाला देऊ नका, शनिवारी गाडी घेऊन येते.

"मी सुनेले म्हटलं, काढ तो तठून आताच्या आता. ती म्हनते, काढला. अन मी सकायी मोबाइल उघडला की हाये तसाच. खाली लिवलं, 'विकणे आहे'. पुन्हा सांगतलं, पुन्हा म्हनते काढला. रोज काढते अन रोज हाये! पुन्याच्या बाईले म्हटलं विकाचा नाई, तं ती म्हनते, काहून खोटं बोलता, मले तं दिसून राह्यला. उद्या येतेच म्हनते."

एवढं बोलून त्यांनी फेटियाची घडी घातली आणि आवाज खाली आणला. "घरात पैशाची गरज कोनाले नाई? पन इचारून तं घ्याव. मी अंजूशी बोलनं सोडलं."

मी खिशातून भिंग काढलं. ते मी कारंज्याच्या स्टेशनरीतून घेतलं आहे. आधी धुरपताबाईंचा फोन तपासला. काचफूलच्या पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, लाल फेटिया, 'विकणे आहे'. भिंगातून तो मोठा दिसला. एवढाच निष्कर्ष निघाला. मग अंजूला बोलावलं. ती हात पुसत आली आणि न बोलता तिने आपला फोन पुढे केला. तीच वेबसाइट, तेच पान. वर फक्त जाकिटं होती, फेटियाचा मागमूस नव्हता.

"पाहा," अंजू म्हणाली. "कितीदा काढला. माह्या फोनात कोठीच नाई. याडीच्या फोनात काहून दिसते ते मले समजत नाई." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि अंजू सासूला याडीच म्हणत असे. त्या वेळी याडी भिंतीकडे बघत होत्या.

मी माझ्या फोनवर वेबसाइट उघडली. फेटिया होता. शफीकभाईंच्या फोनवर उघडली. फेटिया होता. ओट्याशी जमलेल्यांपैकी ज्याच्या ज्याच्याकडे नेटवर्क होतं त्या प्रत्येकाच्या फोनवर फेटिया होता. फक्त अंजूच्या फोनवर नव्हता. कुठल्याही सामान्य माणसाने इथे डोकं खाजवलं असतं. मी टोपी घालत असल्यामुळे खाजवलं नाही.

"अन हे भाव पाहा," धुरपताबाई म्हणाल्या. "काल मी पिशवीचे वीस वाढवाले सांगतले. माह्या फोनात जुनाच भाव दिसून राह्यला."

"बाई, आपण दरोड्याबद्दल बोलत आहोत," मी म्हणालो. "किरकोळ बाबी नंतर."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला ते अजून रात्री आठवतं.

चौकशीचा पहिला मान मी प्रेमसिंगजींना दिला. ते धुरपताबाईंचे यजमान, बाजेवर आडवे होते. घरातला सर्वात शांत माणूस हा कायम पहिला संशयित असतो.

"तुम्हाला वेबसाइट उघडता येते?" मी डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"मले चष्म्याची डबी उघडता येत नाई," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मी त्यांना तूर्त वगळलं.

दुसरी संशयित शेजारीण हिरीबाई. तिचा फेटिया वेबसाइटवर घेतला नव्हता, म्हणजे मत्सर हा हेतू जागेवरच तयार होता. राहिलं फक्त साधन. मी तिच्या घरात अचानक शिरून म्हणालो, "तुमच्या फोनमध्ये काय काय आहे?"

"बॅटरी हाये," हिरीबाई म्हणाली. "अन एक साप हाये."

मी उंबऱ्याबाहेर आलो होतो तेव्हा कळलं की तो साप बटणाच्या फोनमधल्या खेळातला आहे. त्या फोनवर वेबसाइट तर सोडाच, फोन आलेलाही नीट दिसत नव्हता. तिसरा संशयित अंजूचा नवरा करण. तो पुण्याला कंपनीत होता, आणि गिऱ्हाईकही पुण्याचंच होतं! हा योगायोग असू शकत नाही, असं मी शफीकभाईंना म्हणालो. ते म्हणाले, पुण्यात आणखीही लोक राहतात. तरी मी करणला फोन लावला. तो म्हणाला, "मले वेबसाइटचा पासवर्ड कायले सांगन ती? मले घरच्या टीव्हीचं रिमोट भेटत नाई."

मग मी ओट्यावर येरझारा घातल्या. ओटा लहान असल्यामुळे दोनच पावलांनी वळावं लागत होतं.

"शफीकभाई, यामागे परकीय शक्ती असावी."

"कोनती परकीय?" शफीकभाईंनी विचारलं. "कारंज्याची का मंगरूळची?"

मी उत्तर देणार, इतक्यात धुरपताबाईंनी भिंतीकडेच तोंड ठेवून हाक मारली, "कोनी अंजूले सांगा, लाल जाकिटाचे पन्नास वाढव मना!" माझ्यामागोमाग आलेल्या हिरीबाईने दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या अंजूला सांगितलं. अंजूने फोनवर बोट फिरवून वाढवले. थोड्या वेळाने, "कोनी सांगा, तीस कमी कर." हिरीबाईने सांगितलं, अंजूने कमी केले. माझ्या सबंध तपासात हे पार्श्वसंगीतासारखं चालू होतं आणि विचारात व्यत्यय येत होता म्हणून मी कान बंद केले. कान बंद करून विचार केल्यावर मला उत्तर सापडलं.

मी सगळ्यांना ओट्यासमोर जमवलं. काळा चष्मा लावला. हा क्षण गुप्तहेराच्या आयुष्यात क्वचित येतो, माझ्या तर आलाच नव्हता.

"मंडळी," मी म्हणालो, "फेटिया साऱ्या जगाला दिसतो. पुण्याला दिसतो, कामरगावला दिसतो, या तांड्याला दिसतो. एकाच व्यक्तीला दिसत नाही. का? कारण त्या व्यक्तीने दोन दुकानं मांडली आहेत! एक सासूला दाखवायला, आपल्या फोनात, स्वच्छ. आणि दुसरं जगासाठी, जिथे सासूच्या आईचा फेटिया विकायला ठेवला आहे. ज्याच्या फोनवर गुन्हा दिसत नाही, तोच गुन्हेगार!"

मी रोखलेलं बोट अंजूवर थांबलं. फ्लेक्सवर आहे अगदी तसंच.

मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. कोणी हललंसुद्धा नाही. अंजू रडली नाही, ओरडली नाही. तिने आपला फोन धुरपताबाईंच्या शेजारी ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "याडी, हे तुमचं दुकान. उद्यापासून मी यात हात घालनार नाई. मी जातो केनवडले, माह्या घरी." लग्नाला एवढी वर्षं झालेली बाई पहिल्यांदा माहेराला 'माह्या घरी' म्हणाली, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. धुरपताबाईंनाही कळलं असणार, कारण त्यांच्या हातातली सुई थांबली. पण भाव जितक्या लवकर खालीवर होतो तितक्या लवकर माणसाचं तोंड उघडत नाही.

अंजू आत गेली आणि पिशवी भरून आली. कोंबडी खाल्ली तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं. ती सरळ जाऊन शफीकभाईंच्या जीपमध्ये बसली.

शफीकभाई स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, उतर."

"काहून, भाऊ?"

"जीप भरली नाई."

"मी साऱ्या शिटाचे पैसे देतो."

"असं नाई चालत. जीप भरल्याबिगर निघत नसते, साऱ्या तालुक्याले मालूम हाये. तू बस अठी सावलीत. माही नमरा अमरावतीहून पेपर देऊन येऊन राह्यली, तिले स्टँडवरून घेऊन येतो. मंग पाहू भरते का." आणि ते रिकामी जीप घेऊन निघून गेले. ती जीप रिकामी निघालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

नमरा ही शफीकभाईंची मुलगी. काचफूल वेबसाइट तिनेच बनवून दिली होती आणि मग परीक्षेला गेली होती. ती आली ती परीक्षेने पिसाळलेली, उपाशी, खांद्यावर बॅग. वाटेत वडिलांनी सगळं सांगितलं होतं. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"अंजूवहिनी, फोन कोठी हाये तुहा? उघड काचफूल. काय दिसते?"

"फेटिया नाई."

"तू लॉगिन हाये ना?"

"नेहमीच असते. रोज भाव बदलवा लागतेत, म्हनून बाहेर निंगतच नाई."

"निंग बाहेर. लॉगआउट कर. अन आता उघड."

अंजूने उघडलं. तिचा चेहरा उतरला. तिच्या फोनवर, सगळ्यात वर, लाल फेटिया, 'विकणे आहे'.

"हे मी नाई केलं," ती म्हणाली.

"तूनं नाई केलं. कोनीच नाई केलं," नमरा ओट्यावर बसत म्हणाली. "हे वायुवेगचं काम हाये."

"हा वायुवेग कुठला?" मी एकदम पुढे झालो. "याचा पत्ता?"

"ते मानूस नोहे. प्लगइन हाये. वेबसाइटले वरून जोडाचा लहानसा प्रोग्राम. वेबसाइट तयार नाई करत तो, जे तयार हाये त्याले जोरात पळवते."

"माह्या जीपच्या टपावर कॅरिअर बसवलं तसं," शफीकभाई म्हणाले.

"जोडाचं तसंच, अब्बा. पन कॅरिअरनं ओझं वाढते, यानं कमी होते." मग ती धुरपताबाईंकडे वळली, कारण हिशेबाने बघितलं तर गिऱ्हाईक त्या होत्या. "काकी, पाहा. पुन्याहून कोनी काचफूल उघडलं की आपली वेबसाइट जिथं ठेवली ते मशीन कामाले लागते. त्याले सर्व्हर म्हनतेत. फोटो कोठी हाये, भाव कोठी हाये, कोन्या बाईचं काम हाये, हे सारं एक एक करून आनते, पान मांडते, मंग पाठवते. दुसरं गिऱ्हाईक आलं की पुन्हा सारं पयल्यापासून."

धुरपताबाई भिंतीकडून वळल्या. "म्हंजे पंगतीत एक एक पाहुना येईन तसं त्याच्यापुरतं नवीन पीठ भिजवाचं?"

"बस, तेच! कोन थांबन इतका वेळ? लोक उठून जातेत. वायुवेग काय करते, एकदा पान मांडून झालं की त्याची तयार कॉपी करून ठेवते. मंग जो येईन त्याले तीच कॉपी देते. सैपाक एकदा, वाढनं दिवसभर. म्हनून दुकान पटकन उघडते."

"येवढंच करते?" हिरीबाईने विचारलं.

"आनखी हाये. तुमी काढलेले फोटो लय जड. ते हलके करते, डोयाले फरक दिसत नाई. अन पानाच्या खालचे फोटो आधी पाठवतच नाई. मानूस बोटानं खाली सरकला की मंग पाठवते. वरूनच पाहून गेला तं खालची मेहनत वाचली. अन पानाच्या मांगं जे कोडचं लिखान असते, त्यातल्या फालतू मोकया जागा काढून टाकते."

"पोतं ठोकून भरलं," बाजेवरून प्रेमसिंगजी म्हणाले. ते जागे होते. मला ते आधीच संशयास्पद वाटले होते.

"नेटवर्क वाढवते का मंग?" हिरीबाईने विचारलं.

"नाई. टावर बंद तं हेबी बंद. अन गिऱ्हाईकबी आनत नाई. आलेलं गिऱ्हाईक कटाळून पयून जाऊ देत नाई, येवढंच याचं काम. अक्कल नाई त्याले. कॉपीत फेटिया हाये तं तो फेटिया दाखवन. तो तुमच्या मायचा हाये हे त्याले कसं समजन?"

धुरपताबाईंनी फेटियाची घडी जवळ ओढली. विचारलं ते अंजूने. "पन मले काहून नाई दिसला?"

"तू मालकीन म्हनून लॉगिन होती. दुकानात काम करनाऱ्याले तो कॉपी देत नाई, ताजं पान देते. नाई तं तूनं काय बदलवलं ते तुलेच दिसनार नाई. घरच्याले तव्यावरची, पाहुन्याले टोपल्यातली. तूनं फेटिया काढला, खराच काढला. टोपल्यातल्या कॉपीत तो राह्यला."

मी घसा खाकरला. "दोन दुकानं आहेत, असं मी मघाशी म्हणालो होतो. मूळ सिद्धांत माझाच आहे." कोणीही ऐकलं नाही. पिल्लूवाल्या आजीबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी गाठोडं जवळ ओढून घेतलं.

"पन नमरा," अंजू म्हणाली, "काही बदल केला की कॉपी आपोआप नवीन व्हाले पायजे ना?"

"होत होती. मीच ते बंद केलं, अन पेपराच्या घाईत तुले सांगाचं राह्यलं. माफ कर." नमराने जीभ चावली. मग तिने धुरपताबाईंकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं. "अन बंद काहून केलं, ते काकीले इचार."

"मले?"

"काकी, तुमी दिवसभरात भाव कितीदा बदलवता?"

हिरीबाई फिस्सकन हसली.

"भाव का एका जागी ठिवतेत?" धुरपताबाई तावातावाने म्हणाल्या. "बाजारात गिऱ्हाईकाचं तोंड पाहून भाव सांगा लागते. सकायचा येगळा, दुपारचा येगळा. गिऱ्हाईक पाडून मागते, तं आपन आधीच चढवून ठेवाव. मंग वाटलं जास्त झाला, तं उतरवाव."

"हो ना. पन तुमी वीस वाढवले की वायुवेग जुनी कॉपी फेकून नवी करे. तीस उतरवले की पुन्हा फेके. दिवसभर त्याचं पीठच भिजून राह्यलं होतं, वाढाले फुरसत नाई! वेबसाइट पयल्यापेक्षा हळू. म्हनून मी त्याले म्हटलं, बाबा, एकच कॉपी धर अन बसून राह्य."

तर असा या प्रकरणातला अज्ञात हात होता. तो ओट्यावर बसून सुई धरून होता, आणि सकाळपासून माझ्या कानाशी ओरडून आपला गुन्हा सांगत होता. किरकोळ बाब म्हणून मी तो ऐकला नाही.

नमराने अंजूला पुन्हा लॉगिन करायला लावलं आणि एक बटण दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'साठवलेली पानं पुसा'. अंजूने दाबलं. मग नमरा म्हणाली, "काकी, तुमच्या फोनात बोटानं पान खाली वढा." धुरपताबाईंनी ओढलं. तांड्यावरचं नेटवर्क विचार करत राहिलं. मग पान आलं. वर जाकिटं होती.

"गेला," धुरपताबाई म्हणाल्या. पण त्या आवाजात आनंद नव्हता. रोज सकाळी चहाच्या आधी त्या फोन उघडून तो फेटिया बघत असत हे तेव्हा अंजूच्या लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, "याडी, फोटो ठेवता येते. भाव नाई टाकाचा. दुकानाबाहेर, वेगळ्या पानावर. खाली तुमच्या मायचं नाव लिहू. अन मोठ्या अक्षरात, 'विकणे नाही'."

"मायचं नाव?"

"हो. काम तिचं हाये ना?"

धुरपताबाईंनी बराच वेळ फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला. मग नमराला विचारलं, "पोरी, हे पुसाचं बटन मानसाच्या डोक्याले नसते का वं?"

"नाई, काकी."

"पायजे होतं." त्या अंजूकडे वळल्या. "तू या घरात आली तवा तुले दोरा ववता येत नव्हता. उलट बोलाची, हिशोबाले कच्ची. येवढे वर्ष झाले, तू काय काय शिकली, सारं घर, सारं दुकान तुह्यावर. अन मी बसली, तीच जुनी कापी धरून. या कोंबडीवाल्याच्या आधी मीच तुले चोर ठरवलं होतं. यानं निस्तं बोट दाखवलं."

मी काळा चष्मा काढला. "वहिनी, चुकलो मी," मी म्हणालो. प्रमाण भाषेत ते जमेना. "मले अक्कल नाई, वायुवेगसारखी. फरक येवढाच, त्याच्यानं काम लवकर होते."

धुरपताबाईंनी घडी घातलेला फेटिया उचलून तिच्या हातात ठेवला. "हा तुह्या पेटीत ठेव. माह्या पेटीत राह्यला तं मी येनाऱ्या जानाऱ्याले दाखवत बसते अन भाव सांगते. निताचं लग्न होईस्तोवर तुह्याजवळ राहू दे."

अंजूने फेटिया घेतला. पिशवीही उचलली. दोन्ही घेऊन ती आत गेली. पेटीचं झाकण पडल्याचा आवाज आला आणि मग आतून तिने विचारलं, "याडी, चहा मांडू का?"

"मांड. अन जाकिटाचे दहा कमी कर."

"काकी!" नमरा ओरडली.

त्यानंतर भावाबद्दल जी घासाघीस झाली तिचा मी साक्षीदार आहे. नमरा म्हणत होती, भाव दिवसातून एकदाच बदलायचा. धुरपताबाई पाचवरून सुरू झाल्या, चारवर आल्या, उठून जाण्याचं नाटक केलं, आणि शेवटी असं ठरलं की दिवसभर मनातल्या मनात वाटेल तितके बदलायचे, संध्याकाळी एकदाच अंजूला सांगायचे, आणि अंजूने ते टाकून बटण दाबायचं. शनिवारी पुण्याची बाई आली. फेटिया तिला डोळे भरून पाहू दिला, आणि धुरपताबाईंनी तिच्या तोंडाकडे बघत बघत तिला दोन जाकिटं आणि एक पिशवी विकली. कुठल्या भावाने, ते वेबसाइटवर नव्हतं.

राहिलो मी. चहा घेताना वातावरण निवळल्यावर अंजू म्हणाली, "भाऊ, तुमचाबी फोटो टाकू का काचफूलवर? फ्लेक्सवाला?"

मी नम्रपणे टोपी सारखी केली. "टाकायचाच असेल तर टाक. खाली काय लिहिशील?"

"विकणे आहे," चहाच्या बशीतून धुरपताबाई म्हणाल्या.

"अन भाव?" शफीकभाईंनी विचारलं.

"जो म्हनतीन तो."

ती गंमत आहे असं मी समजलो. पण अंजूने खरोखर टाकला. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, फेटियाच्या जुन्या जागी. मी हात जोडल्यावर, काढला भाऊ, केव्हाच काढला, असं ती शपथेवर सांगते, आणि तिच्या फोनवर खरंच दिसत नाही. माझ्या फोनवर मात्र मी अजून तिथे उभा आहे, बोट रोखून. बटण दाबायचं तिच्याकडून रोज संध्याकाळी नेमकं राहून जात असेल.

फेटियासाठी दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोन आला होता, हे साऱ्या तांड्याला माहीत आहे. माझ्यासाठी अजून एकही आलेला नाही.